पांडुरंग महादेव बापट यांचे एडिनबरातील विद्यार्थिजीवन

पांडुरंग महादेव बापट (१२ नोव्हेंबर १८८०, पारनेर – २८ नोव्हेंबर १९६७, मुंबई) हे सेनापती बापट या नावाने ओळखले जाणारे भारतीय स्वातंत्र्यचळवळीतील क्रांतिकारक आणि मुळशी सत्याग्रहाचे नेते होते. इ.स. १९०४ मध्ये ते मंगळदास नथूभाई शिष्यवृत्ती मिळवून स्कॉटलंडमधील एडिनबरा (जुन्या मराठी लेखनात एडिंबरो) येथे गेले आणि तेथील हेरियट-वॅट कॉलेजात यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊ लागले. हिंदुस्थानातील ब्रिटिश राज्यावर टीका करणारा निबंध जाहीरपणे वाचल्यामुळे त्यांची शिष्यवृत्ती बंद करण्यात आली आणि हे शिक्षण अपुरे राहिले. त्यानंतर लंडन व पॅरिस येथे काही काळ राहून ते इ.स. १९०८ मध्ये मायदेशी परतले.

विसाव्या शतकाच्या आरंभी परदेशी शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याला अनोळखी शहरात रुळण्यासाठी कोणकोणत्या गोष्टींचा आधार लागे आणि त्यांपैकी एक आधार सुटला म्हणजे काय होई, हे समजून घेण्यासाठी बापटांचे उदाहरण उपयुक्त आहे.

पार्श्वभूमी

पारनेर हे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. तालुक्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. इ.स. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन्ही दुष्काळांची झळ नगर जिल्ह्याला बसली होती. बापटांचे पौगंडावस्थेतील दिवस याच काळातले. बापट घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील. पांडुरंगांच्या वडिलांचे नाव महादेव व आईचे नाव गंगाबाई असे होते.

त्यांचे शिक्षण अहमदनगर व पुणे येथे झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकत असताना त्यांची चाफेकर क्लबशी संबंधित असलेल्या दामोदर बळवंत भिडे यांच्याशी ओळख झाली. प्लेगच्या दिवसांत, २२ जून १८९७ रोजी, चाफेकर बंधूंनी पुण्यात रँडवर गोळी झाडली होती. त्या घटनेला त्या वेळी जेमतेम पाच-सहा वर्षे झाली होती. भिडे यांच्या प्रेरणेने बापटांनी देशाच्या स्वातंत्र्यासाठी आयुष्य वाहण्याची शपथ घेतली. परदेशी जाण्याची संधी त्यांना या शपथेनंतर मिळाली. त्यामुळे एडिनबराला निघालेल्या या विद्यार्थ्याजवळ शिष्यवृत्तीने घातलेले एक बंधन होते आणि स्वतःहून स्वीकारलेले दुसरे. ही दोन्ही बंधने एकाच वेळी फार काळ पाळणे त्यांना पुढे शक्य झाले नाही.

शिष्यवृत्ती

सर मंगळदास नथूभाई (१८३२–१८९०) हे मुंबईतील धनिक व्यापारी आणि समाजसुधारणेला पाठिंबा देणारे गृहस्थ होते. हिंदू विद्यार्थ्यांना परदेश प्रवास व शिक्षण यांसाठी साहाय्य मिळावे म्हणून त्यांनी मुंबई विद्यापीठाला देणगी दिली होती. बी.ए. झाल्यानंतर बापटांना या देणगीतून चालणारी शिष्यवृत्ती मिळाली.

त्या काळी रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्स असा ठरलेला होता. म्हणजे एका पौंडाला १५ रुपये पडत. एका पौंडाचे वीस शिलिंग आणि एका शिलिंगाचे बारा पेन्स होत. घरभाडे, जेवण, कोळसा, पुस्तके आणि कॉलेजची फी हे सारे पौंडांत भरावे लागे, तर घरून येणारा पैसा रुपयांत उभा करावा लागे. साधारण स्थितीच्या कुटुंबाला हा खर्च परवडण्याजोगा नव्हता. संस्थानिकांची मुले, मोठ्या वकिलांची किंवा व्यापाऱ्यांची मुले घरच्या पैशावर जात. इतरांना संस्थान, विद्यापीठ किंवा एखादा दाता यांच्यावर अवलंबून राहावे लागे.

प्रवास

पारनेरला रेल्वे नव्हती. जवळचे स्थानक अहमदनगर येथे होते. ते इ.स. १८७८ मध्ये सुरू झालेल्या धोंड (दौंड)–मनमाड मार्गावर आहे. मुंबईहून युरोपला जाणाऱ्या आगबोटी एडन, सुएझ कालवा आणि पोर्ट सैद या मार्गाने भूमध्य समुद्रात शिरत. काही प्रवासी मार्सेय येथे उतरून पुढे रेल्वेने जात, तर काही जिब्राल्टरला वळसा घालून थेट इंग्लंडच्या बंदरात उतरत. या प्रवासाला साधारण दोन ते तीन आठवडे लागत. लंडनहून एडिनबरा सुमारे ६३० किलोमीटरवर आहे. जलद आगगाडीने हे अंतर आठ-साडेआठ तासांत कापले जाई.

समुद्र ओलांडणे अनेक ब्राह्मण कुटुंबांत त्या वेळीही निषिद्ध मानले जात होते. परत आलेल्या माणसाने प्रायश्चित्त घ्यावे की नाही, हा वाद महाराष्ट्रात दीर्घकाळ चालला. इ.स. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरूनही मोठे प्रकरण उभे राहिले होते, यावरून खाण्यापिण्याच्या निर्बंधांची तीव्रता लक्षात येते. विलायतेस जाणारा विद्यार्थी परतल्यावर आपल्या पंगतीत बसेल की नाही, हा प्रश्न त्याच्या घरच्यांना त्याच्या जाण्याआधीच पडलेला असे.

पत्रव्यवहार आठवड्याच्या टपालबोटीने होई. इ.स. १८९८ पासून ब्रिटिश साम्राज्याच्या बहुतेक भागांत पत्राला एक पेनी, म्हणजे हिंदुस्थानात एक आणा, असा स्वस्त दर लागू झाला होता. त्यामुळे पत्र पाठवणे परवडे, परंतु एका पत्राचे उत्तर मिळायला महिन्याहून अधिक काळ जाई. घरी कोणी आजारी असल्याचे पत्र पोहोचे तेव्हा ते माणूस बरे झाले आहे की गेले आहे, हे वाचणाऱ्याला कळण्याची सोय नसे. अतिशय निकडीच्या वेळी तार करता येई, मात्र ती शब्दागणिक महाग पडे.

एडिनबरा शहर

हवा आणि दिवसमान

एडिनबरा हे साधारण ५६ अंश उत्तर अक्षांशावर आहे, तर पारनेर १९ अंशांवर. पारनेरला वर्षातील सर्वांत लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा असतो. एडिनबराला डिसेंबरच्या उत्तरार्धात दिवस जेमतेम सात तासांचा होतो. सकाळी साडेआठनंतर उजाडते आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. जूनमध्ये याच्या नेमके उलट घडते व दिवस साडेसतरा तासांहून मोठा होतो. सूर्याच्या उंचीवरून वेळ ओळखण्याची सवय असलेल्या माणसाला पहिल्या हिवाळ्यात ही सवय सोडावी लागते.

तेथील जानेवारीचे सरासरी तापमान सुमारे चार अंश सेल्सिअस असते. आकड्यापेक्षा अधिक त्रास होतो तो वाऱ्याचा आणि दमटपणाचा. फोर्थच्या खाडीवरून येणाऱ्या समुद्री धुक्याला तेथे ‘हार’ म्हणतात. त्या काळात घरोघरी कोळसा जळत असल्याने धुराचे आवरणही शहरावर असे. त्यावरूनच शहराला ‘ऑल्ड रीकी’, म्हणजे धुरकट म्हातारी, असे टोपणनाव पडले होते.

राहण्याची व्यवस्था

ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे विद्यार्थी कॉलेजच्या आवारात राहत. एडिनबराची पद्धत वेगळी होती. तेथील बहुसंख्य विद्यार्थी शहरात भाड्याच्या खोल्यांत राहत. विद्यार्थ्यांसाठी पहिले स्वतंत्र वसतिगृह नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांच्या पुढाकाराने इ.स. १८८७ मध्ये सुरू झाले. हेच गेडिस पुढे इ.स. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले.

भाड्याच्या खोल्या बहुधा शहराच्या दक्षिण भागातील न्यूइंग्टन, मार्चमाँट अशा वस्त्यांत मिळत. चार-पाच मजली दगडी इमारती, सर्वांना मिळून एक जिना आणि प्रत्येक मजल्यावर दोन-तीन बिऱ्हाडे अशी त्यांची रचना असे. मुंबईच्या चाळीतून आलेल्या माणसाला सामाईक जिना नवा नव्हता, परंतु दारे बंद ठेवण्याची रीत नवी होती. घरमालकीण खोली, न्याहारी आणि बहुधा रात्रीचे जेवण देई. शेकोटीच्या कोळशाचे आणि दिव्याच्या गॅसचे पैसे अनेकदा निराळे आकारले जात. त्यामुळे किती वेळ शेकोटी पेटती ठेवायची, हा काटकसरीने राहणाऱ्या विद्यार्थ्याचा रोजचा हिशेब असे.

आहार

स्कॉटलंडच्या नित्याच्या आहारात ओटची लापशी, पाव, बटाटा, दूध, लोणी, मासे आणि मांस हे पदार्थ असत. मसुरीचे सार तेथेही होते, परंतु ते बहुधा डुकराच्या हाडावर शिजवलेले असे. शाकाहारी घरातून आलेल्या विद्यार्थ्यापुढे त्यामुळे दोन मार्ग उरत. एक तर लापशी, पाव, बटाटा आणि दुधावर दिवस काढायचे, किंवा घरची बंधने सैल करायची. कोणी पहिला मार्ग पत्करला, कोणी दुसरा. पुष्कळांनी काय खातो याचा उल्लेख घरच्या पत्रांत टाळला.

भाषा आणि रीतिरिवाज

शेक्सपिअर आणि मिल वाचून आलेल्या पदवीधराला स्कॉटिश बोली सहजी कळत नसे. ‘होय’साठी ‘आय’, ‘लहान’साठी ‘वी’, ‘ठाऊक असणे’ यासाठी ‘केन’ असे शब्द पुण्यामुंबईच्या इंग्रजी वर्गात शिकवलेले नव्हते. रविवारी शहर जवळपास बंद असे. दुकाने, करमणुकीची ठिकाणे आणि बहुतेक व्यवहार थांबत. चर्चला न जाणाऱ्या परक्या विद्यार्थ्यासाठी हा आठवड्यातील सर्वांत लांब दिवस ठरे. इतर सहा दिवस दुपारी बरोबर एक वाजता किल्ल्यावरून तोफ उडे. ही प्रथा इ.स. १८६१ मध्ये सुरू झाली असून ती आजही चालू आहे. पूर्वी फोर्थमधील जहाजे या आवाजावर आपली घड्याळे लावीत.

हेरियट-वॅट कॉलेज

बापटांनी प्रवेश घेतलेली संस्था इ.स. १८२१ मध्ये ‘स्कूल ऑफ आर्ट्स ऑफ एडिनबरा’ या नावाने सुरू झाली. कारागिरांना त्यांच्या धंद्यामागील शास्त्र शिकवणे हा तिचा हेतू होता. या प्रकारची ती जगातील पहिली संस्था मानली जाते. वाफेच्या इंजिनात क्रांतिकारक सुधारणा करणारे जेम्स वॅट यांचे नाव तिला इ.स. १८५२ मध्ये देण्यात आले. इ.स. १८८५ मध्ये जॉर्ज हेरियट यांच्या न्यासाशी तिचा संबंध जुळल्यावर ‘हेरियट-वॅट कॉलेज’ हे नाव रूढ झाले. बापटांच्या वेळी कॉलेज शहराच्या मध्यभागी चेंबर्स स्ट्रीटवर होते. इ.स. १९६६ मध्ये त्याला विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि पुढे ते शहराबाहेर रिकार्टन येथे हलले.

बापट ज्या डेक्कन कॉलेजातून आले होते त्याचा उगमही ऑक्टोबर १८२१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या हिंदू कॉलेजात (संस्कृत पाठशाळेत) आहे. एकाच वर्षी आणि एकाच महिन्यात सुरू झालेल्या या दोन संस्थांचे स्वरूप मात्र अगदी भिन्न होते. पुण्याची संस्था शास्त्री-पंडितांच्या विद्येसाठी निघाली होती, तर एडिनबराची लोहार, सुतार आणि यंत्रकामगारांसाठी. एडिनबरातील कॉलेजात दिवसा नियमित विद्यार्थी शिकत आणि संध्याकाळी काम संपवून आलेले कामगार वर्गात बसत. हिंदुस्थानातील विद्यापीठीय शिक्षणाचा कल त्या काळी भाषा, इतिहास आणि कायदा यांकडे होता. त्यामुळे कलाशाखेच्या पदवीधराने यंत्रशास्त्राकडे वळणे हे नव्याने सुरुवात करण्यासारखे होते.

सहवास आणि संस्था

एडिनबराला हिंदी विद्यार्थी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून येत होते. वैद्यकीय शिक्षण हे त्यांचे मुख्य आकर्षण होते. इ.स. १८८३ मध्ये काही विद्यार्थ्यांनी मिळून ‘एडिनबरा इंडियन असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली. परक्या शहरात नव्याने आलेल्याला खोली शोधून देणे, सणावाराला एकत्र जमणे आणि देशाच्या प्रश्नांवर चर्चा करणे यांसाठी अशा मंडळांचा उपयोग होई. तेथे मराठी, बंगाली, पंजाबी, तमिळ अशा निरनिराळ्या भाषा बोलणारे तरुण एका खोलीत बसत. आपापल्या प्रांतात राहून त्यांची अशी गाठ पडण्याचा संभव कमीच होता. आपण ‘हिंदी’ आहोत ही जाणीव अनेकांच्या मनात प्रथम परदेशातच पक्की झाली.

एडिनबरात राहून हिंदुस्थानच्या स्थितीवर निबंध लिहिणारे बापट हे पहिले विद्यार्थी नव्हते. पुढे रसायनशास्त्रज्ञ म्हणून कीर्ती मिळवलेले प्रफुल्लचंद्र राय हे गिलख्रिस्ट शिष्यवृत्तीवर इ.स. १८८२ मध्ये एडिनबरा विद्यापीठात आले होते. १८५७ पूर्वीचा व नंतरचा हिंदुस्थान हा विषय विद्यापीठाने निबंधस्पर्धेसाठी दिला असता त्यांनी इ.स. १८८५ मध्ये सरकारवर कडक टीका करणारा निबंध लिहिला आणि पुढे तो पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केला. त्यामुळे त्यांचे शिक्षण थांबले नाही. ते डी.एस्सी. होऊन इ.स. १८८८ मध्ये परतले. वीस वर्षांनी बापटांच्या वाट्याला आलेला अनुभव वेगळा होता.

या वीस वर्षांत परिस्थिती पालटली होती. दादाभाई नौरोजी यांचा हिंदुस्थानच्या दारिद्र्याची मीमांसा करणारा ग्रंथ इ.स. १९०१ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला होता. १६ ऑक्टोबर १९०५ रोजी बंगालची फाळणी अमलात आली आणि स्वदेशी व बहिष्काराची चळवळ पसरली. त्याच वर्षी जपानने रशियाचा पराभव केल्याचा परिणाम आशियातील तरुणांवर झाला. लंडनमध्ये श्यामजी कृष्णवर्मा यांनी जानेवारी १९०५ मध्ये ‘इंडियन सोशिऑलॉजिस्ट’ हे मासिक सुरू केले, तर १ जुलै १९०५ रोजी हायगेट भागात ‘इंडिया हाउस’ हे हिंदी विद्यार्थ्यांसाठीचे वसतिगृह उघडले.

नेमबाजी, निबंध आणि शिष्यवृत्तीचा शेवट

अभियांत्रिकीच्या अभ्यासाबरोबर बापट एडिनबरातील क्वीन्स रायफल क्लबमध्ये नेमबाजी शिकले. बोअर युद्धानंतर (१८९९–१९०२) ब्रिटनमध्ये नागरिकांसाठी नेमबाजीच्या संस्था मोठ्या प्रमाणात निघाल्या होत्या. इ.स. १८७८ च्या शस्त्रकायद्यानुसार हिंदुस्थानात सामान्य माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येत नव्हते. जे मायदेशी गुन्हा ठरले असते ते विलायतेत छंद म्हणून शिकता येत होते. सभेत बोलणे, हवे ते वाचणे आणि सरकारवर टीका ऐकणे यांबाबतही तेथील वातावरण तुलनेने मोकळे होते.

या मोकळेपणाची मर्यादा बापटांना लवकरच कळली. एडिनबरातील शेफर्ड सभागृहात त्यांनी हिंदुस्थानातील ब्रिटिश राज्य या विषयावर निबंध वाचला. त्यात राज्यकर्त्यांवर स्पष्ट टीका होती. या निबंधासाठी त्यांच्यावर खटला झाला नाही की त्यांना अटकही झाली नाही. मात्र त्यांची शिष्यवृत्ती बंद करण्यात आली. विचार मांडण्याची मुभा स्कॉटलंडमधील कायदा देत होता, पण त्या देशात राहण्याचा खर्च ज्या पैशावर चालत होता तो मायदेशातून येत होता, आणि मायदेशातील सत्ता त्याच राज्यकर्त्यांच्या हाती होती.

खोलीचे भाडे, कॉलेजची फी आणि परतीचे भाडे हे तिन्ही शिष्यवृत्तीवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला याचा अर्थ लगेच कळण्यासारखा होता. बापटांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुरे झाले नाही.

लंडन आणि पॅरिस

शिष्यवृत्ती गेल्यानंतर बापट लंडनमधील इंडिया हाउसच्या वर्तुळात आले. तेथे विनायक दामोदर सावरकर इ.स. १९०६ पासून राहत होते. सावरकर ज्या शिवाजी शिष्यवृत्तीवर आले होते ती श्यामजी कृष्णवर्मा व सरदारसिंह राणा यांच्या योजनेतील होती. त्या योजनेतील शिष्यवृत्त्या घेणाऱ्याने पुढे सरकारी नोकरी करू नये अशी अट होती. म्हणजे दाता बदलला तरी शिष्यवृत्तीला अट असे. फरक होता तो अटीच्या दिशेत.

इंडिया हाउसमुळे लंडनमधील हिंदी विद्यार्थ्याला छप्पर, देशी जेवण आणि समविचारी सोबती या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी मिळू लागल्या. याच सोयींमुळे ते क्रांतिकारकांचे केंद्र बनले आणि गुप्त पोलिसांचे लक्ष त्याकडे लागले. पुढे बापट पॅरिसला गेले. तेथे बंगालचे हेमचंद्र दास (कानुनगो) आणि बापट यांनी निकोलस साफ्रान्स्की या रशियन निर्वासित क्रांतिकारकाकडून बाँब तयार करण्याची माहिती मिळवली. ही माहिती देणारी पुस्तिका घेऊन बापट इ.स. १९०८ मध्ये हिंदुस्थानात परतले. तिच्या प्रती पुढे निरनिराळ्या प्रांतांतील क्रांतिकारी गटांकडे पोहोचल्या. अलीपूर बाँब खटल्यानंतर त्यांना काही वर्षे भूमिगत राहावे लागले.

समकालीन मराठी विद्यार्थ्यांशी तुलना

परदेशी शहरात राहण्याचे मराठी विद्यार्थ्यांचे अनुभव एकसारखे नव्हते. आनंदीबाई जोशी इ.स. १८८३ मध्ये अमेरिकेत गेल्या. त्यांना न्यू जर्सीतील रोझेल येथील कार्पेंटर कुटुंबाने आपल्या घरी ठेवून घेतले. पुढे फिलाडेल्फियात त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले आणि ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळवली. तेथील थंडी, परका आहार आणि आधीच नाजूक असलेली प्रकृती यांचा एकत्रित परिणाम मोठा होता. क्षयाने ग्रासलेल्या आनंदीबाई परतल्यावर थोड्याच महिन्यांत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात मृत्यू पावल्या.

सावरकरांनी ग्रेज इन येथे कायद्याचे शिक्षण पूर्ण केले, परंतु त्यांच्या राजकीय कार्यामुळे इ.स. १९०९ मध्ये त्यांना बॅरिस्टरीची सनद नाकारण्यात आली.

भीमराव रामजी आंबेडकर इ.स. १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी त्यांची झालेली मैत्री आयुष्यभर टिकली. इ.स. १९१६ मध्ये ते लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने इ.स. १९१७ मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. पैसे जमवून ते इ.स. १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि राहिलेले शिक्षण पूर्ण केले. लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड येथील त्यांचे निवासस्थान महाराष्ट्र शासनाने इ.स. २०१५ मध्ये विकत घेतले असून तेथे स्मारक आहे.

या सर्व उदाहरणांत पैसा, निवारा, प्रकृती आणि सोबत या चार गोष्टी पुन्हा पुन्हा आढळतात. आनंदीबाईंना निवारा व माया लाभली, पण प्रकृतीने साथ दिली नाही. आंबेडकरांचा पैसा मुदतीने संपला, तर बापटांचा शिक्षा म्हणून थांबवला गेला.

सरकारी धोरण

ब्रिटनमधील हिंदी विद्यार्थ्यांच्या स्थितीची व त्यांच्या राजकीय मतांची सरकारला काळजी वाटू लागली होती. इ.स. १९०७ मध्ये भारतमंत्री जॉन मोर्ले यांनी विल्यम ली-वॉर्नर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. कर्झन वायली आणि थिओडोर मॉरिसन हे तिचे अन्य सदस्य होते. या समितीच्या अंदाजानुसार त्या वेळी ब्रिटनमध्ये सुमारे ७०० हिंदी विद्यार्थी होते. त्यांत लंडनखालोखाल एडिनबराचा क्रमांक होता. समितीचा अहवाल त्या वेळी गोपनीय ठेवण्यात आला. तो इ.स. १९२२ मध्ये लिटन समितीच्या अहवालासोबत प्रसिद्ध झाला.

इ.स. १९०९ मध्ये लंडनमध्ये हिंदी विद्यार्थ्यांसाठी माहिती कार्यालय उघडण्यात आले आणि टी. डब्ल्यू. आर्नल्ड यांना शैक्षणिक सल्लागार नेमण्यात आले. निवास, प्रवेश व शिष्यवृत्ती यांविषयी मदत करणे हा या व्यवस्थेचा जाहीर हेतू होता. विद्यार्थ्यांना मात्र तीत मदतीबरोबर पाळतही दिसत असे. त्याच वर्षी १ जुलै रोजी मदनलाल धिंग्रा या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने कर्झन वायली यांची हत्या केली. त्यानंतर हिंदी विद्यार्थ्यांवरील देखरेख अधिक कडक झाली आणि इंडिया हाउस बंद पडले.

नंतरचे जीवन आणि महत्त्व

बापटांनी इ.स. १९२१ पासून मावळातील मुळशी येथे टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांच्या सत्याग्रहाचे नेतृत्व केले. याच लढ्यात त्यांना ‘सेनापती’ ही उपाधी मिळाली. जलविद्युत निर्मितीसाठी बांधल्या जाणाऱ्या या धरणाला त्यांचा विरोध होता तो शेतकऱ्यांच्या जमिनी त्यांच्या संमतीवाचून घेतल्या जात होत्या म्हणून. ज्याने यंत्रशास्त्राचे शिक्षण घेण्यासाठी समुद्र ओलांडला त्यानेच एका मोठ्या यांत्रिक प्रकल्पापुढे उभे राहून त्याची किंमत कोण देणार, हा प्रश्न विचारला. मुळशीचा सत्याग्रह हा जगातील आरंभीच्या धरणविरोधी लढ्यांपैकी एक गणला जातो. पुढे संयुक्त महाराष्ट्र आणि गोवा मुक्ती या चळवळींतही त्यांनी भाग घेतला. इ.स. १९७७ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

एडिनबरातील वास्तव्यातून बापटांना पदवी मिळाली नाही. त्या वास्तव्याने त्यांना बंगाली, रशियन आणि इंग्रज कार्यकर्त्यांच्या विचारविश्वाशी जोडले आणि परदेशातील शिक्षणाच्या अटीही दाखवून दिल्या. आज महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनांतून ग्रामीण भागातील विद्यार्थी जगभरच्या विद्यापीठांत जातात. शिक्षणशुल्क, निर्वाहभत्ता आणि विमानभाडे यांची तरतूद अशा योजनेत असते. पत्राच्या उत्तरासाठी आता महिना थांबावे लागत नाही आणि मसुरीची डाळही बहुतेक शहरांत विकत मिळते. पहिल्या हिवाळ्यातील दुपारी चारचा अंधार, हाती असलेल्या पैशाचा हिशेब आणि आपली भाषा बोलणाऱ्या माणसाचा शोध या गोष्टी मात्र अद्याप तशाच आहेत.

हेही पाहा

सेनापती बापट
मुळशी सत्याग्रह
इंडिया हाउस
श्यामजी कृष्णवर्मा
आनंदीबाई जोशी
प्रफुल्लचंद्र राय
पारनेर तालुका